मरून राहिली म्हंजे मेली नाही ना जी!

...अन् फोनवरची मशीन मले इचारते, सेवेले पाचपैकी किती गुण द्याल? आता तुमीच सांगा, काय गुण द्यू? थांबा, पहिल्यापासून सांगतो. मी अंकुश, लाखनीच्या आतमधलं गाव आमचं, धानाच्या रोवण्याचे दिवस, गावातले सारे ट्रॅक्टर बांधीतल्या चिखलात, अन् इकडे माह्या मायले, तुळसाबाईले, दम लागला. दवाखान्याच्या गाडीचा नंबर लावला. पहिले मानूस उचलत जाये, आता एआय का काय म्हनते ते मशीन उचलते, बाईचा गोड आवाज! मी बोंबललो, 'माय मरून राहिली जी, लवकर गाडी पाठवा!' तं काय म्हनते? 'आपल्या मातोश्रींच्या निधनाचं ऐकून अतीव दुःख झालं. मृत्यूच्या दाखल्यासाठी एक दाबा.'

अरे बापा! मरून राहिली म्हंजे मेली नाही ना जी!

पुन्हा लावला, पुन्हा तेच! मी अजून रडलो नोहतो, अन् मशीन रडून मोकळी! फोन स्पीकरवर, मायनं खाटेवरून आयकलं. 'काहून रे अंकुश, मी मेली का?'

'नाही वं माय!'

'मंग सांग ना तिले, मी आहो म्हनाव अजून.' अन् हासली... तेवढ्या दमात हासली हो! म्या सांगतलं, 'माय आहे जी, तिचं तीच सांगून राहिली!' तं मशीन म्हनते, 'त्यांच्या आठवणी सदैव सोबत राहतील.'

शेवटी शेजारच्या भूपेंद्रचा टेम्पो भेटला, पन हायवे लागाच्या पहिलेच मायनं माहा हात सोडला. लय रडलो मी. अजूनही जेवाले बसलो का घास उतरत नाही.

अन् आता हे टीना मॅडम आली नागपूरवरून. मशीननं लोकायचं काय भलंबुरं केलं, त्याचा अभ्यास करते. पोरगी चांगली हो, आयकता आयकता डोये पुसून राहिली होती. म्हनते, 'काका, तपासणीत मशीन पास झाली होती.' कोनं तपासली? तं 'मरत आहे' म्हननाऱ्यायनं! त्यायचे लोक मरत आहेत, आमचे मरून राहिले, मशीन तरी काय करन?

म्हनते, 'तोच नंबर लावून तेच वाक्य पुन्हा बोला.' बोल्लो. 'निधनाचं ऐकून अतीव दुःख झालं...' अन् तुमाले सांगतो, यावेळेस बरोबर होतं ना ते! मरून राहिली म्हंजे मेली नाही, हे म्हनाले आता तोंड कोठी आहे मले?

मंग म्हनते, 'आता पुस्तकासारखं बोला.' शाळेतल्या पोरावानी उभा राहून बोल्लो, 'माझी आई मरत आहे.'

'गाडी निघाली आहे!'

अन् खरंच आली हो! मॅडम हात जोडून 'चुकून झालं, चुकून झालं' करते, अन् ड्रायव्हर स्ट्रेचर घेऊन रिकाम्या खाटेपाशी उभा. 'पेशंट कोठी आहे? कोनाले न्यायचं?'

म्हनलं, 'कोनालेच नाही भाऊ. माय गेली... मी तेवढा जगून राहिलो.'