मधूला न्यायला आलीस ना

— येईल, येईल म्हणते ना शिवकामी, किती वेळा दाराकडं बघशील? गाण्याच्या क्लासला गेलीय, त्या टीचर पोरींना वेळेवर सोडतात थोडंच — तू कॉफी घे आधी, निवली बघ. आणि अशी टोकावर काय बसलीस पाहुण्यासारखी? धाकटी बहीण ना माझी? नीट बस. हो, पत्र्याची नवी पेटी आणलीस ते बघितलं मी. तिच्या कपड्यांना ना? तिरुच्चीत खोली घेतलीस, लॅबमधली नोकरी कायम झाली, घराजवळच्या शाळेत तिचं नावही घालून आलीस — सगळं फोनवर सांगितलंस, ऐकलं मी. चांगलं झालं म्हटलं की नाही? म्हटलं. मग आता परत परत माझ्या तोंडाकडं काय बघतेस?

लेक तुझी आहे, मला कुणी शिकवायला नको. माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे ते? बाळंतपणानंतर तुझं मन ठिकाणावर राहिलं नाही, मांडीवर मूल ठेवलं तर हे कुणाचं म्हणून विचारायचीस — तुझा दोष नाही गं त्यात, दोष देतच नाहीये मी — नवरा पळाला, आपल्या अम्मानं तुला औषधपाण्याला वेल्लूरला नेलं, आणि पोर कुठं आणून ठेवलं? माझ्या दारात. ज्या अम्मानं, मी ज्ञानप्रकाशमशी लग्न करून बाप्तिस्मा घेतला म्हणून, घरात विशालाक्षी हे नाव काढू दिलं नव्हतं — तंजावरच्या मराठा राजाच्या वेळेपासूनचं मराठी घराणं म्हणे आमचं, ते मी एकटीनं बुडवलं म्हणे — तीच अम्मा पदराखाली वर्षाचंही नसलेलं पोर घेऊन उभी. मी काही विचारलं? नाही विचारलं. हात पुढं केले. आमचे हे तर भांड्यांचं दुकान उघडं टाकून दुधाची बाटली शोधत हिंडले. मग गोवर मी काढला, दात मी मोजले, शाळेत पहिल्या दिवशी गेटाला धरून ती रडली आणि बाहेर मी रडले. तू यायचीस, फ्रॉक आणायचीस, संध्याकाळच्या गाडीनं जायचीस. तिला बाप्तिस्मा द्यावा असं मला किती वाटलं, तू नको म्हणालीस, नाही दिला. माझ्याबरोबर चर्चला येते, अम्माबरोबर गोविंदपुरम्‌ला भजनाला जाते, दोन्हीकडं टाळ्या वाजवते. तेवढा शब्द पाळला मी तुझा. पाळला की नाही? बोल ना. राहू दे, नको बोलूस.

तुला वाटत असेल, अक्का एवढी चर्चला जाते, गुडघे टेकते, मग हिचा जीव एवढा का अडकतो. मलाही तेच वाटतं! राग त्याचाच येतो मला. अगं, काय काय सोडलं मी — माहेर सोडलं, वाट्याची चांदीची भांडी सोडली, दागिने अम्मानं तुला दिले तेव्हा हूं की चूं केलं नाही. म्हटलं, येशूच्या मागं जायचं तर हात रिकामे हवेत. फार मोठी झाले असं वाटायचं मला त्या दिवसांत. आता कळतंय, ती भांडी मला नकोच होती मुळात, त्यांत सोडायचं काय होतं? आणि ही पोर आली आणि माझे दोन्ही हात गच्च मिटले. दर वेळी कन्फेशनला जाते आणि तेच सांगते — फादर, मूल माझं नाही, आणि मला ते द्यायचं नाही. ते म्हातारे फादर, त्यांना अर्धं ऐकू येत नाही, पण हे बरोबर ऐकू येतं. म्हणाले, विशालाक्षी, येशूनं शिकवलेली प्रार्थना रोज घरी करतेस ना, ती सावकाश म्हण. म्हटली. तमिळमध्ये म्हटली तर कढी ढवळता ढवळता होऊन जाते, म्हणून मुद्दाम आपल्या मराठीत म्हणायला लागले, तर प्रत्येक शब्द पायात यायला लागला. आमचा बाप, आमची भाकरी — त्यात 'माझं' कुठं नाहीच गं! शोधलं मी, खरंच शोधलं. आणि 'बापा, तुझ्या मनासारखं होवो', तिथं आले की थांबतेच मी. आमचे हे बाजूला उभे राहून वाट बघतात, मी ते वाक्य म्हणेपर्यंत ताटावर बसत नाहीत. असला माणूस! भात गार होतो आणि हे हात जोडून उभे. चिडू नको तर काय करू?

— कुठं निघालीस? तिथं काही नाही. ते कपाट — ते कशाला उघडतेस, मी देते ना काय हवं ते — शिवकामी, बंद कर. बंद कर म्हटलं ना.

हो. नाहीत. कपडे नाहीत तिचे. धुवायला टाकलेत — नाही, नाही टाकलेले. आता असं बघू नकोस. ओरड तरी. हातातला पेला फेक माझ्यावर. तू गप्प राहिलीस की मला अम्मा आठवते.

काय? परत म्हण. 'ती तुझ्याकडं सुखात आहे, राहू दे तिला, मी जाते' — हे म्हणतेस तू? कपाट रिकामं बघून हे म्हणतेस? पेटी पण ठेवून जातेस, तिला वह्या ठेवायला होईल म्हणून? अगं, सकाळपासून हेच मागत होते मी! तोंडानं आमचा बाप, आमची भाकरी आणि पोटात हे — की ही यावी, दमावी आणि परत जावी. आणि आता तू आपणहून देतेस, तर मला ते — बस खाली. बस म्हणते. असं सोडून जाता येतं तुला? मला का येत नाही मग? मी एवढी वर्षं वेदीपुढं बसून जे शिकले नाही ते तू कुठं शिकलीस, त्या लॅबमध्ये?

ऐक. क्लासला नाही गेली ती. इन्नंबूरला आहे, यांच्या बहिणीकडं. आज सकाळी कपड्यांसकट धाडली मी. यांना म्हटलं घेऊन जा, तर म्हणाले, खोट्याला माझी स्कूटर मिळणार नाही. मग नणंदेलाच बोलावून घेतलं आणि बसमध्ये घातलं दोघींना. आणि जाताना मधू काय म्हणाली माहीत आहे? मला अम्माच म्हणते ती — म्हणाली, अम्मा, आज चित्ती येणार होती ना? — चित्तीच म्हणते ना तुला ती, धाकटी मावशी, मीच शिकवलं. आई म्हणायला शिकवायला हवं होतं, माहीत आहे. म्हटलं, नाही, ड्यूटी लागली तिला. तिनं तुझ्यासाठी मोगरा ओवून ठेवला होता ओल्या फडक्यात. फडकं परत घडवंचीवर ठेवलं, सरळ करून ठेवलं, आणि चप्पल घालायला बसली. मी तिच्या केसांकडं बघत उभी राहिले आणि तरीही गप्प राहिले. गप्प राहिले मी, शिवकामी! बस सुटेपर्यंत वेळ होता आणि मी गप्प राहिले.

ऊठ. पेटी घे. स्वामिमलैवरून जाणारी टाऊन बस इथंच कोपऱ्यावर थांबते, इन्नंबूरला उतरून कुणालाही भांड्यांच्या दुकानवाल्याच्या बहिणीचं घर विचार, भाताच्या शेताला लागून आहे. मी फोन करते तिला, पोरीला तयार ठेव म्हणून — करते, करते, तुझ्यासमोरच करते, माझ्यावर भरवसा ठेवू नकोस. आणि मधूला सांग, मी खोटं बोलले. माझ्याकडून कळण्याआधी तूच सांग. नाही, मी येणार नाही बरोबर. मी आले तर ती माझी साडी धरेल आणि मग मी कसली सोडते. तिरुच्चीच्या बसमध्ये खिडकी दे तिला, नाहीतर ओकते. दह्याला हात लावत नाही, ताक मात्र पिते. झोपताना कुणाचा तरी कान धरायला लागतो तिला, तुझा दे. रडली तर रडू दे, मला फोन लावून देऊ नकोस — दोन दिवस तरी नको. नंतर लाव. सुट्टीत आणशील ना? नको, उत्तर देऊ नकोस आत्ता, हो म्हणालीस तर मी त्यालाच धरून बसेन.

पाया काय पडतेस, ऊठ, बस चुकेल. मनापासून देणं म्हणजे हसून देणं असतं म्हणे. मला नाही येत हसू. रागानं देतेय, रागानंच घेऊन जा. जा म्हणते ना — आणि दार ओढून घे जाताना.