लेनची हाक

...नाही, नाही, बूट राहू देत रे, इथं कोण बघतंय — बस. तिकडं नको, ती खुर्ची डेनिसची, तो बागेतनं आत आला की थेट तिथंच बसतो, खुर्चीत तू असलास तरी. इथं माझ्यासमोर बस. म्हणजे मला काचेतून तो दिसत राहील. बोलता बोलता माझी नजर तुझ्या खांद्यावरून पलीकडं गेली तर राग मानू नकोस, रुचिर. चहा घेशील ना? आलं घालून करते — आणि तुमच्या मराठी मंडळाचं उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे तू चहा निवांत पिशील. उत्तर नाही असं आहे. मुलांचं फुटबॉल शिबिर घ्या, जरूर घ्या, तुझ्या अवनीला खेळू दे, पण डेनिस आता कुणाला शिकवत नाही. शैलेंद्रनं सांगितलं तुला, शिकवेल म्हणून? शैलेंद्र शेवटचा इथं आला होता तेव्हा डेनिसनं त्याला दोन तास कॉर्नर कसा अडवायचा ते दाखवलं होतं, टेबलावरच्या खारवलेल्या काजूंनी. तेव्हा तो बरा होता. आता काजू तोंडात घालायचे असतात हेसुद्धा सांगावं लागतं.

आणि पोस्टरवर ते 'इंग्लंडचा खेळाडू' लिहू नका. इंग्लंडकडून नाही खेळला तो, इंग्लंडमध्ये खेळला, आणि या दोन्हींत पुणं आणि लंडनएवढं अंतर आहे. तिसऱ्या डिव्हिजनचा क्लब, उत्तरेकडचं गिरण्यांचं गाव, चिखलाचं मैदान. सेंटर हाफ. सेंटर हाफ म्हणजे काय माहितेय ना? तुला माहीत नाही, तुम्ही पुण्याचे, तुमचं सगळं क्रिकेट. मी कोल्हापूरची रे. मंगळवार पेठ. आमच्याकडं वडील एका तालमीच्या टीमचे आणि मामा दुसरीच्या, शाहू स्टेडियमवर मॅच असली की आई आदल्या दिवशीच सांगायची, हरलेल्यानं जेवायला उशिरा यायचं. तर सेंटर हाफ म्हणजे गोलसमोरचा राखणदार. वरून आलेला प्रत्येक चेंडू त्याचा. डोकं घालायचं आणि बाहेर काढायचा, पावसात भिजलेला जड चेंडू, रोज, वर्षानुवर्षं. आमचा हाउसआर्ट्स, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, म्हणतो त्याचंच हे विसरणं असेल. असेल म्हणतो, आहे म्हणत नाही — डॉक्टर कुठलाही असो, बोलायला सगळे सारखेच.

फक्त एका वेळी डोकं घालायचं नाही. मागून गोलकीपर ओरडला की. 'कीपर्स' — एवढंच ओरडतो तो, म्हणजे चेंडू माझा, तू बाजूला हो. ते ऐकलं की कितीही जवळ असलास तरी सोडायचा. कारण तुला मागचं दिसत नसतं आणि त्याला सगळं दिसत असतं. एवढाच विश्वास. लग्नातसुद्धा एवढा नसतो.

लग्न कसं झालं? बघ, मंडळाच्या अस्मितानं तुला हेच विचारायला पाठवलंय, मला माहितेय. मी आइंडहोवनला पीएच.डी.ला आले होते, आणि हा युनिव्हर्सिटीच्या मुलींच्या टीमचा कोच. इंग्लंड सोडून इकडं आला, इथल्या एका क्लबात काही वर्षं खेळला, गुडघा गेला, मग कोच झाला. मी सायकल उभी करून बघत होते, आणि मला राहवेना, मी बाहेरूनच म्हटलं, तुमची पाच नंबर चुकीच्या पायावर उभी आहे. त्यानं वळून बघितलं. साडी नव्हती नेसलेली, पण टिकली होती. म्हणाला, तुला कुणी शिकवलं? मी म्हटलं, मामानं. झालं. आईनं वर्षभर पत्रातनं विचारलं की मुलगा करतो काय, आणि मी लिहायची, शिक्षक आहे.

चांगला कोच होता. मोठा नाही झाला, पण चांगला. आणि एका बाबतीत फार कडक. कीपरनं हाक दिल्यावर जो चेंडूला गेला त्याला तो बाहेर बसवायचा, मग गोल वाचला असला तरी. पुढं मुलांच्या एका क्लबात होता, तेव्हा फायनलमध्ये आपला सगळ्यात चांगला पोरगा त्यानं असाच बाहेर काढला, आणि हरले. क्लबनं दुसरा कोच बघितला. लोक म्हणाले, इंग्रजी शिस्त. मीही तेच म्हणायची. घरी येऊन त्यानं बूट काढले नाहीत, तसाच पायरीवर बसून राहिला, आणि मी आपली त्याला सांगतेय, अरे खेळ आहे, खेळ आहे.

बघ, वळला तो. नाही, तुझ्याकडं नाही बघत, काचेत त्याला झाडं दिसतात. रोज असंच. कुंपणाला मागं फाटक आहे आणि फाटकापलीकडं स्लोट. तुम्ही राहता तिथं आहे ना असा पाण्याचा चर, डीमनला? इथल्या चरावर उन्हाळ्यात हिरवं शेवाळ धरतं, इतकं दाट, इतकं सपाट की कापलेलं गवतच वाटावं. त्याला ते मैदान वाटतं. फाटकाला कुलूप लावलं तर हात रक्ताळेपर्यंत ते ओढतो, म्हणून डॉक्टरच म्हणाला, कुलूप नको, लक्ष ठेवा. मी नावानं हाक मारायची — डेनिस, डेनिस — काही नाही. नवऱ्याला बायकोची हाक ऐकू येत नाही यात नवीन काय, म्हणशील. पण एक दिवस तो चराकडं निघाला, मी स्वयंपाकघरातनं धावले, आणि माझ्या तोंडून कसं निघालं देव जाणे, कोल्हापुरी आवाजात ओरडले: कीपर्स. जागच्या जागी थांबला. हात खाली. बाजूला सरकला, अगदी मापात, आणि चेंडू मागं जाऊ द्यावा तसा मला वाट दिली.

मग मला किल्लीच सापडली की. गॅसकडं गेला, कीपर्स. जिन्याकडं गेला, कीपर्स. मी हसायची, मुलाला फोनवर सांगायची, अभिराम, अरे तुझ्या बापाला मी ताब्यात आणलं. फक्त त्यानंतर तो मला लेन म्हणायला लागला. लेन म्हणजे त्याचा तिकडचा कीपर. तरुणपणी गेला, एवढंच मला माहीत होतं. लग्नापासून एवढंच. मी विचारलं होतं, कशानं? तो म्हणाला होता, आजारानं. म्हटलं, लेन तर लेन. निदान ओळखतो तरी. संध्या म्हणून तर ओळखत नव्हताच.

पण लेनला तो सांगायला लागला ना. संध्याकाळी, त्या खुर्चीत बसून. मला कधी सांगितलं नाही ते सगळं. तुला हे कशाला सांगतेय मी... चहा थंड होतोय, घे. तर, पावसाची मॅच. उंच चेंडू आला, लेननं मागून हाक दिली, डेनिसनं उडी मारली, आणि त्याचं कपाळ लेनच्या कानशिलावर. लेन उठला. मॅच पुरी खेळला, हसला, घरी गेला. आणि सोमवारी मेला. चौकशी झाली तेव्हा डेनिसनं सांगितलं, हाक आलीच नाही. क्लबनं तेच सांगितलं. पण आली होती रे. त्यानं ऐकली होती, स्पष्ट. त्या दिवशी वर स्टँडमध्ये माणूस बसला होता, पहिल्या डिव्हिजनच्या क्लबचा, याला बघायला आलेला. म्हणून हा गेला चेंडूला. आणि त्या माणसानं याला घेतलंही नाही. मग हा इकडं आला. का इकडं? तेही लेनलाच सांगितलं. म्हणाला, इथले डच कीपर वेगळं ओरडतात, 'लॉस' म्हणतात, म्हणजे सोड, तो शब्द पुन्हा ऐकावा लागत नाही. आणि मी त्याच्या घरात तोच शब्द दिवसातून वीसदा ओरडत होते.

सांग, मी काय करायचं होतं? रोज संध्याकाळी माझा हात धरून विचारायचा: लेन, तू हाक दिली होतीस का? मी विषय बदलायची. सूप आणायची. पण तो विचारायचाच, डोळ्यांत पाणी, म्हातारं माणूस, माझ्याच्यानं बघवेना. एक दिवस म्हटलं, नाही रे डेनिस. नव्हती दिली हाक. तुझी काही चूक नाही. मला वाटलं सुटेल बिचारा. त्यानं हात काढून घेतला. माझ्याकडं असं बघितलं, कोण बाई घरात शिरली म्हणून बघावं तसं, आणि म्हणाला, लेन खोटं बोलत नाही. खोटं मी बोललो होतो.

तेव्हापासून माझी हाक चालत नाही. ओरडते, तो थांबत नाही. मला बघितलं की भिंतीला सरकतो. जेवण मी ठेवून दुसऱ्या खोलीत जाते तेव्हा जेवतो. आणि हे मी कुणाला सांगितलेलं नाही, त्याची देखभाल बघायला येते त्या केसमॅनेजर बाईलाही नाही, ती उद्या येणार आहे, तिनं विचारलं तर मी म्हणणार, थांबतो की, हाक मारली की थांबतो. नाहीतर नेतील त्याला. नर्सिंग होममध्ये जागा आहे म्हणे, खिडकीतनं झाडं दिसतात म्हणे. मला त्याच्याशिवाय या देशात काय आहे रे, मला तो हवाय, भिंतीला चिकटलेला का होईना...

थांब. फाटक. त्यानं फाटक उघडलं. डेनिस — कीपर्स — बघ, बघितलंस, वळूनसुद्धा बघत नाही, आणि माझा गुडघा, मी पोचायच्या आत तो — रुचिर, तू ओरड. लाजू नकोस. दारात जा आणि ओरड, पोटातनं, एकच शब्द. कीपर्स. ओरड ना बाबा.

...थांबला.

थांबला. हळू चल, पळू नकोस, तुझ्यामागं आहे मी. बघ, बाजूला सरकला. तुला वाट दिली. तुझ्याकडं बघून हसतोय, कसे दात दिसताहेत बघ, महिन्याभरात हसला नव्हता. मी इथंच थांबते, मला बघून बिथरेल. जा पुढं, त्याचा हात धर आणि पाण्यापासून अलीकडं घे. असं. काय म्हणतोय? विचारतोय ना? तेच विचारतोय. तू हाक दिली होतीस का. हो म्हण. रुचिर, हो म्हण त्याला. मी दिली होती हाक, म्हण, आणि तू ऐकली होतीस.

...काय म्हणाला? मला इथनं नीट... सॉरी म्हणाला. लेन, सॉरी म्हणाला. रडू दे, रडू दे त्याला, हात सोडू नकोस एवढ्यात.

बस, आता बसला तो बाकावर, झालं. तू जा. नाही, चहा राहू दे, आणि अस्मिताला काही सांगू नकोस, कोच येणार नाहीत एवढंच सांग. पुढच्या दारानं जा, आणि जाताना परत हाक नको मारूस. उद्या ती बाई आली की मी तिला खरं सांगेन, माझ्या हाकेला तो थांबत नाही म्हणून. जा तू.