बिनविरोध नको

"बिनविरोध म्हंजे काय निवडणूक हाय व्हय? असली खुर्ची मला नको!" मी टेबलावर हात आपटला. आमच्या रहिमतपूरच्या गल्लीतल्या महिला मंडळानं हात वर करून मला अध्यक्ष केलं होतं, आणि मी त्यांच्याशीच भांडत होते. शाळेत मी गेले नाही, पण ऐकून ऐकून नातवाचं नागरिकशास्त्राचं पुस्तक पाठ आहे माझं. विरोधी पक्षाशिवाय कसली आलीय लोकशाही?

"आवं आक्का, तुमच्या विरोधात उभं राहायची छाती हाय कुणाची?" माझी शेजारीण शमीम म्हणाली.

"मग तूच राहा की!"

राहिली बया. गुप्त मतदान पाहिजे म्हणून चिठ्ठ्याही मीच टाकायला लावल्या. मला एकच मत पडलं, तेही माझंच.

"फितूर सगळ्या! मघाशी हात वर करत हुता न्हवं?"

"मघाशी तुमी बघत हुता की, आक्का!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्या खिदळल्या.

मी आणखी तापणार, तोच शमीमनं माझ्या तोंडात अख्खा पेढा कोंबला.

"आक्का, खुर्चीत कुणीबी बसंल वो, पर विरोधी पक्ष म्हणून ह्या गल्लीत तुमच्याबिगर दुसरं हाय कोण?"