रेकॉर्डला ऊन दाखवलं

हॅलो? … कोण? … लक्ष्मे, तू व्हय! अगं माय, जीवात जीव आला. मला वाटलं ह्यांचाच फोन आला… नाय, घरी नायत. शहागंजला गेलेत. सुई आणायला. … शिवायची नाय गं बाई! रेकॉर्डच्या मशीनची सुई.

काय म्हणाले तुझे रामकिसनराव? … "अक्काचं डोस्कं फिरलं"? म्हणू दे. दुपारी कंपनीत फोन लावला मी त्यांना. विचारलं, प्लास्टिक वाकडं झालं तर सरळ कसं करायचं. बादल्या अन् डबे बनवणारा माणूस घरात हाय, त्याला नाय विचारायचं तर कुणाला विचारायचं? … कामून म्हणजे? त्यांनी नाय सांगितलं तुला? … मी सांगितलंच नव्हतं व्हय त्यांना. भीतीनं तेवढं ऐकून घेतलं अन् फोन ठेवला.

बस आधी. बसलीस? … लक्ष्मे, मी ह्यांच्या दोस्ताची, सरदारची रेकॉर्ड वाकडी करून ठेवली.

… हां, तीच. तीच ती, काळी, खोळीवर सरदारचा गिटार घेतलेला फोटू. अगं ह्यांच्या दुसऱ्या कुठल्या रेकॉर्डीचं मी एवढं सांगितलं असतं का तुला?

… पडली नाय गं. फुटली नाय. उन्हात ठेवली.

आता तू बी असं म्हणू नको! ऐक ना. आज सकाळपासून मी गच्चीवर. गाद्या टाकल्या, वाकळा टाकल्या, तूर डाळ, हरभरा डाळ, मिरच्या… पाऊसपाण्याच्या आधी सगळ्याला ऊन दाखवायचं असतंय की नाय? तू बी दाखवतीस. आई तर पोथ्यांना बी दाखवायची. तर ह्यांचं लाकडी कपाट उघडलं, अन् बघते तर रेकॉर्डवर पांढरी बुरशी. लई वाईट वाटलं. चार वर्षं झाली, मशीनची सुई तुटलेली, मग ह्यांचं ऑपरेशन, कुणी हातच लावला नाय तिला. म्हणलं आज संध्याकाळी पाहुणे येणार, अशी बुरशी आलेली कशी लावायची? ओल्या फडक्यानं पुसली, अन् दिली ठेवून गादीला टेकवून. आपण तान्ह्या लेकराला बी कवळं ऊन दाखवतो, म्हणलं हिला काय होतंय.

… अकरा वाजता. अन् मग शेजारच्या दगडाबाई आल्या, कुरडयाचा चीक हाटायला हात लाव म्हणाल्या. … व्हय, विसरले! विसरलेच की! एक वाजता वर गेले तर… लक्ष्मे, तळलेल्या पापडासारखी. अशी लाट आलेली. तिथंच गादीवर बसले मी, भर उन्हात.

हसू नको! … हसलीस तू. आवाज आला मला.

आता रडू का हसू मला कळंना. संध्याकाळी कोण येणार हाय, माहीत हाय का तुला? सरदारची आई. … व्हय, जोहराअम्मा. अजून हायेत, सत्त्याऐंशीच्या. लेकीकडं असतात हैदराबादला, अजराकडं. दोघी चार दिवस आल्यात, उद्या सकाळची गाडी हाय. अन् म्हाताऱ्या स्वतःच्या तोंडानं म्हणाल्या ह्यांना, "नाना, मेरे सरदार का बजाना सुनना है."

तुला ठाऊक नाय, ह्याचा अर्थ काय. सरदार गेला ना, त्या रेकॉर्डनंतर तीन महिन्यांनी, स्कूटरवरून… तेव्हा त्या बाईनं घरात होत्या तेवढ्या त्याच्या रेकॉर्डी विहिरीत टाकल्या. गिटारचं नाव काढू देत नव्हत्या. लग्नात बँडवाले आले तर उठून आत जायच्या. बत्तीस वर्षं, लक्ष्मे! बत्तीस वर्षांनी ती माय म्हणती, मला ऐकायचंय. अन् ऐकायला उरली कुठं? एकच. आमच्या घरात. अन् ती बी आज सकाळी अकरापर्यंतच धड होती.

… नाय गं, मिळत नाय कुठं. आमच्या ह्यांनी सगळा चोर बाजार पालथा घातला एकदा. पाचशेच काढल्या होत्या म्हणे.

… हे? हे तर सकाळपासून नव्या नवरदेवासारखे. पांढरा शर्ट काढून ठेवलाय इस्त्रीचा. जाताना काय म्हणाले माहितीय? "द्वारका, आज सरदार येणार आपल्या घरी." … मी काय बोलणार? "या लवकर" म्हणलं.

… ओरडले तर बरंच की गं. ते कुठं ओरडतात? मागं त्यांची कॉलेजची वही रद्दीत गेली, तर सतरा दिवस बोलले नाय. जेवायचे, कामाला जायचे, "मीठ दे" म्हणून बी म्हणायचे नाय. पण ते परवडलं. मला दुसरंच भ्या वाटतंय. तीन महिने झालेत छातीला टाके पडून. डॉक्टर काय म्हणाले तू होतीस ना तिथं. "धक्का बसंल असं काय सांगू नका." अन् मी… अगं मीच धक्का वाळत घालून बसले की!

… व्हय, रामकिसनरावांनी सांगितलं तसंच केलं. इस्त्री फिरवणार होते, ते म्हणाले हात लावू नका. दोन काचांच्या मधी ठेवा, जराक वेळ उन्हात, मग सावलीत वजनाखाली, अन् घाई करू नका. … काचा? एक शोकेसची काढली. अन् दुसरी… मामंजींच्या फोटोची. … अगं मग काय करू! हार काढला, पाया पडले, म्हणलं मामंजी, तुमच्या लेकासाठीच चाललंय. आता ते बिनकाचेचे बसलेत भिंतीवर. माझ्याकडंच बघायलेत.

… पलंगाखाली हाय. वरून मसाल्याचा पाटा ठेवलाय. … नाय, नाय बघितलं. हिंमतच होईना. … आत्ता? … तू थांब हां फोनवर. ठेवू नको. … थांब, पाटा जड हाय… अगं आई गं, कंबर… हां. निघाली काच. …

लक्ष्मे.

… लई सरळ झाली गं. मधला भाग तर परातीसारखा सपाट. पण कडेला… कडेला एक लाट हाय अजून. बोटभर. … नाय, जात नाय. दाबली तर बसती, सोडली की पुन्हा उठती. अन् कडेलाच पहिलं गाणं असतंय ना! हे दुसरी बाजूच लावणार पहिल्यांदा. अम्मांना आदळआपट सोसायची नाय म्हणून. पहिल्या बाजूला नुसती कुंई कुंई, धडाम धडाम, मला तर कुकरची शिट्टी बी ऐकू येत नाय त्यात. पण दुसऱ्या बाजूचं पहिलं… ते वेगळं हाय. नुसती गिटार. हळू. घरात कुणी नाय असं समजून माणूस एकटाच गुणगुणतो ना, तसं. दर वर्षी सरदारच्या वाढदिवसाला हे लावायचे, अन् तेवढं आलं की माझं लाटणं थांबायचं. ह्यांना कधी सांगितलं नाय मी. म्हणलं उगं हसतील, हिला काय कळतंय.

तेच बरोबर लाटेवर हाय बघ.

… काय म्हणू? … "कपाटातच वाकली"? … म्हणू का तसं? … व्हय, कपाट दाटीचंच हाय. पुस्तकं कोंबलीत. खरं वाटंल त्यांना. … अन् देवाला? … तू म्हणतीस तेबी खरंय. त्यांच्या जिवासाठीच ना. एका खोट्यानं माणूस वाचत असंल तर… ठीक हाय. तसंच म्हणते. कपाटात वाकली. कपाटात वाकली. … व्हय, आवाज नाय थरथरू देत.

… थांब. रिक्षा थांबली. … खाली रिक्षा थांबली गं! पाच नाय वाजले अजून! … खिडकीतून… अगं तेच हायेत. अजराला उतरवायलेत. अम्मांना बी संगंच घेऊन आले. लक्ष्मे, भिंतीवरचा फोटो! मामंजींची काच! … राहू दे, हार घालते तसाच. रेकॉर्ड खोळीत घालते. … तू फोन ठेवू नको. ऐक, ठेवू नको! मी पदराखाली धरते. रामकिसनरावांना म्हण गाडीची चावी हातात ठेवा. काय झालं तर मी फक्त "लक्ष्मे" म्हणीन. … तुमच्या बजाजनगरहून अर्धा तास लागतो, मला ठाऊक हाय. तरी बी.

आओ अम्मा, आओ… धीरे से, पायरी उंच हाय. अजरा, ये गं माय. बसा. इथं बसा, मशीनजवळ. … पाणी आणते. … मिळाली का हो सुई? … बरं झालं. … हां, ही बघा रेकॉर्ड. पुसून ठेवलीय.

(लक्ष्मे, हायेस ना? मी स्वयंपाकघराच्या दारात हाय. हळू बोल. … सुई बसवायलेत. … म्हाताऱ्यांनी रेकॉर्डच्या खोळीवर हात ठेवलाय, फोटोवर. कानांनी कमी ऐकू येतंय म्हणून खुर्ची पार मशीनला लावलीय. … काढली रेकॉर्ड. … अजून दिसलं नाय त्यांना. … ठेवली. … फिरायली.

सुई टेकली.

… ऐकू आलं का तुला? … व्हय, तेच. तेच ते. पण हेलकावे खातंय बघ. सूर वर जायला, खाली यायला. मधीच सुई उडती. … हे वाकून बघायलेत. बघितलं त्यांनी. लक्ष्मे, चेहरा पांढरा झाला. …

काहीतरी म्हणायलेत अजराला. थांब. … "माझीच चूक." … म्हणायलेत, "मीच नीट ठेवली नाय. कपाटात कोंबली. दोस्ताची एवढी एक वस्तू होती माझ्याकडं, मला सांभाळता आली नाय." … अगं, डोळ्यांत पाणी त्यांच्या. अम्मांच्या पाया पडायलेत, माफ करो म्हणून. … नाय. नाय लक्ष्मे, मी गप कशी बसू? … वाचत नाय ते असल्या खोट्यानं, मरतील! … छातीकडं हात गेला. छातीकडं हात… चावी! रामकिसनरावांना… थांब. थांब, चष्मा काढला खिशातून. चष्मा हाय. देवा.

धर. फोन धर.)

अहो. … अहो, ऐका ना. तुम्ही नाय. मी केलं. … कपाटात नाय वाकली. मी गच्चीवर ठेवली सकाळी, गाद्यांसंगं. बुरशी आली होती, म्हणून ऊन दाखवलं. मला नाय कळलं हो. मग काचात दाबली, पाट्याखाली दाबली… ती काच बी मामंजींचीच हाय. … अम्मा, मेरी गलती है. नाना की नहीं. मेरी है अम्मा. तुम्ही काय म्हणायचं ते मला म्हणा, ह्यांना काय नका म्हणू. ह्यांचं ऑपरेशन झालंय.

…

(लक्ष्मे, सांगून टाकलं. … हे माझ्याकडं बघायलेत नुसते. सतरा दिवस नाय, ह्या वेळी जन्मभर बोलत नायत. … अम्मांना ऐकूच नाय गेलं वाटतं. त्या मशीनकडंच बघायल्यात. … त्या मशीनचा तो दांडा असतो ना, सुईचा? लाटेवर आला की तो वर उचलतो, मग खाली जातो. वर, खाली. त्याच्याकडंच बघायल्यात टक लावून. … आता हात पुढं केला. हे बंद करायला उठले तर त्यांचा हात धरला म्हाताऱ्यांनी. काहीतरी म्हणायल्यात… थांब, ऐकू दे. …

… लक्ष्मे.

म्हणाल्या, "मत रोको नाना. देखो, सांस ले रा. मेरा बच्चा सांस ले रा."

… व्हय. … व्हय गं. … अजरा रडायली. हे खाली बसले, जमिनीवर, अम्मांच्या पायाशी. … नाय, बरे हायेत. श्वास घ्यायलेत नीट, मी तेच बघायले कधीची. … म्हाताऱ्यांचा हात त्या दांड्यासंगं वरखाली व्हायला, आपोआप. …

अजून भ्या वाटतंय मला. पाहुणे गेल्यावर काय व्हायचं ते होईल. … चहाचं आधण बी ठेवलं नाय. … काय? … थांब, हे बोलवायलेत मला. … व्हय, मलाच. …)

आले हो. … चहा ठेवते आधी. … बरं. … इथं? तुमच्याजवळ? … बरं, बसते.

(लक्ष्मे, "द्वारका, ये, बस. तुझं आवडतं लागलंय" म्हणायलेत. … त्यांना ठाऊक होतं गं. लाटणं थांबायचं, ते त्यांना ऐकू यायचं. … नाय, रडत नाय मी. … चावी ठेवून द्या म्हण रामकिसनरावांना. … व्हय, उद्या करते फोन. … ठेव आता. ठेव गं बाई, मला ऐकू दे.)