एका साच्यातली बैलजोडी

खरं सांगतो, भर बसस्टँडवर मी आयुष्यात एकदाच ओरडलो. आम्ही घरी पितळेचे बैल ओततो. एक गुरुजी आले नि मला म्हणाले, "थेट बापाच्या साच्यातून निघालास. मले बैलजोडी दे, अशीच एका साच्यातली." लाजून मी हो म्हटलं. माझी पहिलीच ऑर्डर.

बाबा चिडले. "मातीचा साचा फोडल्याबिगर बैल निघते का? दुसरा कुठून काढशील?"

गुरुजी तोवर परत निघाले होते. धावत स्टँडवर त्यांची गडचिरोलीची बस गाठली. खिडकीशी ओरडलो, "गुरुजी, आमचा साचा फुटते. दोन बैल सारखे निघत नाईत."

"मंग तू कसा निघाला बापासारखा?"

"नाक पाहा ना. आईचं आहे."

अख्खी बस हसली. गुरुजी म्हणाले, "दे मंग वेगळे. फक्त नाक बैलाचंच ठेवजो."