पिवळ्याला पिवळंच

नको, निळं नको. माझं ऐक, पिवळंच ठेव — अगं, दुकान माझं, निळं महाग, निळं विकलं तर माझाच फायदा, आणि तरी मी नको म्हणतेय म्हणजे काहीतरी असेल ना? बस. त्या स्टुलावर नको, ते डुगडुगतं, ह्याच्यावर बस. चहा घे. तर बघ — रिमोटची गाडी म्हणजे काय, मोटर, बॅटरी आणि मधे वेग सांभाळणारा हा डबा. मोटरच्या ह्या तीन वायरी, त्यांना ह्या गोल सोनेरी पिना — त्यांचं काही नाही, चांगल्या घट्ट बसल्यात, आणि मोटर उलटी फिरली तर कुठल्याही दोन अदलाबदल करायच्या, संपलं. खरी भानगड इथं, बॅटरीच्या तोंडाशी. इथं काय लावायचं? पिवळं. आता पिवळं म्हणजे जगातलं सगळ्यात भारी कनेक्टर असं मी म्हणत नाही. पण नैरोबीत काय, तुमच्याकडं काय, सगळ्यांकडं पिवळं. रविवारी कासारानीच्या मैदानामागं जाऊन बघ, कुणाची बॅटरी संपली की शेजारचा आपली काढून देतो — तू कांबा जमातीची का लुओ, कुणी विचारत नाही, पिवळं आहे ना, मग घाल आणि पळव. तू निळं लावलंस की तू एकटी. मग तुला कोण विचारणार?

काय? गरम होतं? होणारच की, मोटर केवढी टाकलीय — मोठी मोटर जास्त ओढते, पिवळं बिचारं साठ अँपिअरचं, होतं जरा गरम. माणूसही होतो गरम, म्हणून काय लगेच घर बदलतात? दे इकडं, उलटी करून बघू दे.

हे सोल्डर कुणी केलंय? नाही, मी सहज विचारतेय. असा फुगीर थेंब, हात सढळ — नैरोबीत असा डाग देणारा एकच माणूस, मुसेंबी. माझा नवरा. तू कशाला ओळखशील, तू मोंबासाची — अगं, पण तोही मोंबासालाच आहे! बंदरावर क्रेनच्या मोटरी दुरुस्त करतो, चार वर्षं झाली. कंत्राट संपलं की येणार. ह्या लुथुली रस्त्यावरची माणसं हसतात मला, म्हणतात, कावाता, हे कंत्राट आहे का लग्न? हसू देत. हसायला काय लागतं? मी त्याच्या बॅटऱ्या सांभाळते. तो वाळूचा डबा दिसतोय ना, त्यात — पेटल्याच तर वाळूत विझाव्यात — सगळ्या पिवळ्या. नाजूक जात आहे बाई ही — रिकामी ठेवली की मरते, काठोकाठ भरून ठेवली की फुगते. अर्धी भरून ठेवायची आणि अधनंमधनं बघत राहायचं. कंटाळा? मला नाही येत. तो येईल, गाडी काढील, म्हणेल, कावाता, बॅटरी — आणि मी टाकणार हातात. म्हणून म्हणते पिवळं —

पण थांब. हे त्याचं नसणार. थेंब त्याचाच, पण ही नळी बघ. ही काळी, गरम केली की आकसते आणि जोड झाकून टाकते, ती. ती आधी वायरीत ओवावी लागते, मग सोल्डर — नंतर जातच नाही, कनेक्टर आडवा येतो. मुसेंबी विसरायचा. कायम! सोल्डर झालं की कपाळावर हात, मग ती नळी उभी चिरायची, गुंडाळायची, वरून टेप — असलं ध्यान दिसायचं की गिऱ्हाइकाला देताना मला लाज वाटायची. म्हणून मी तिकडं चुलीवर मक्याच्या पिठाची उगाली ढवळत असले तरी ह्याच्या हातात सोल्डरची तार दिसली की ओरडायचे, "मुसेंबी, नळी!" शेवटी शेवटी शेजारचा रेडिओवालाही माझ्या आधी ओरडायला लागला, "मुसेंबी, नळी!" आणि आम्ही तिघंही हसायचो. ही नळी तर सरळ आहे. आधीच ओवलेली. म्हणजे त्याचं काम नाहीच. नाहीतर — नाहीतर मग त्याला कुणीतरी आठवण करून देतं.

तू देतेस?

हसू नकोस. — नाही, हस, तुला काय माहीत. काय नाव म्हणालीस तुझ्या माणसाचं? "बाबा मुथेऊ." बरोबर आहे, नवऱ्याचं नाव कशाला घ्यायचं, पोर झालं की पोराच्या नावानं हाक मारायची, आपली रीतच आहे. मला सगळे नुसतं कावाता म्हणतात, माझ्या पुढं लावायला कुणी नाही. मुथेऊ थोरली ना? थोरलीच असणार. आपल्या कांबा लोकांत थोरल्या पोरीला बापाच्या आईचं नाव, आणि मुथेऊ माझी सासू. होती — वारली, माझ्या हातानं तिला शेवटचं न्हाऊ घातलं. मरताना माझा हात धरून म्हणाली, कावाता, माझं नाव घरात परत आण. मी म्हटलं, आणते आई. नाही आणता आलं मला. डॉक्टर झाले, मुळ्या झाल्या, चर्चमधले उपास झाले, नाहीच आलं. तू आणलंस. केवढी आहे? शाळेत जाते? — अस्सं. मग कंत्राटाच्या आधीचीच म्हणायची. म्हणजे इथं माझ्याजवळ बसून तो नळी विसरत होता, तेव्हा ती तिकडं रांगत होती.

आता तू कशाला रडतेस? रडायचं मला आहे. तुला सांगितलं नव्हतं त्यानं? मलाही नाही. बघ, दोघींना सारखंच वागवलं, न्याय आहे हो माणसाला. पी तो चहा, गार झाला. मी तुला शिव्या देणार होते, खरंच सांगते, मनात मोठा साठा करून ठेवला होता मी अशा दिवसासाठी. एकही आठवत नाही. फार दुखतंय गं, बोललेलंच बरं.

आण ती गाडी. हे बघ, पिवळ्याची कड करपलीय, आतली पिन सैल झालीय. तू गाडी टेबलावर ठेवलीस तेव्हाच दिसलं होतं मला. हे काही आता टिकत नाही. ह्या मोटरला निळंच लागतं, ते शंभराच्या वर सोसतं. उगाच एखाद्या दिवशी पेट घेईल, घरात पोर आहे. हलव हात, चटका बसेल. घरच्या बॅटऱ्यांनाही निळंच लाव — झाकलेलं तोंड बॅटरीला, उघड्या पिना गाडीला, उलटं करू नकोस, जीव बॅटरीत असतो, उघडी राहिली तर कुठंही ठिणगी पाडते. ह्या डब्यातल्या? ह्या नाही बसणार आता त्याच्या गाडीला. नकोच बसायला.

झालं. ओढून बघ, घट्ट आहे. त्याला काय सांगायचं? सांग, लुथुलीवर एका बाईनं बसवून दिलं. तो विचारील, कशी होती. म्हण, कामात होती. चल, ऊठ आता, मागं गिऱ्हाईक खोळंबलंय. कुणी नाही म्हणतेस? — येईल. तू जा.