सांगाड्यावरच्या चिठ्ठ्या

यादिरा : पाच आठवडे, हाउगेन सर? इस्पितळाचं पत्र पाच आठवडे शब्दकोशात दाबून ठेवलंत?

हाउगेन : दाबून नाही गं. रोज काढून वाचत होतो.

यादिरा : वाचून उत्तर जातं होय? सोमवार शेवटचा दिवस. कॉलेज आणि इस्पितळ मिळून बाराच जणांना नर्सिंगला घेणार. बाकीच्यांची शिफारसपत्रं कधीच पोचलीत.

हाउगेन : मी प्राध्यापक नाही. ग्रंथालयात पुस्तकं लावणारा माणूस, तोही निवृत्त. एखाद्या डॉक्टरचं पत्र आण ना.

यादिरा : सात वर्षं त्यांच्या वॉर्डातल्या चादरी धुतेय, एकाही डॉक्टरला माझं नाव माहीत नाही. मला अभ्यास करताना पाहिलंय ते तुम्ही.

हाउगेन : तीच तर पंचाईत. चौथा प्रश्न वाच.

यादिरा : ‘उमेदवाराच्या हातून चूक झाल्यास ती काय करते?’ बरं, मग?

हाउगेन : मला खोटं लिहिता येत नाही. आणि खरं लिहायचं तर तो सांगाडा आला.

यादिरा : अरे देवा! ग्रंथालयातला?

हाउगेन : त्याला नावांच्या चिठ्ठ्या तू चिकटवल्यास. हाताच्या दोन हाडांची नावं उलटी. शरीरशास्त्राच्या वर्गाची परीक्षा दोन दिवसांवर.

यादिरा : तुम्ही तपासल्या होत्या की!

हाउगेन : स्पेलिंग तपासलं. ते अचूक होतं.

यादिरा : बरं, पुढचं सांगा.

हाउगेन : पुढे काय... दुसऱ्या दिवशी सकाळी मी ग्रंथालयाचं दार उघडायच्या आधीच तू पायरीवर, बर्फात. ‘मी चुकले’ म्हणालीस. सांगाड्यावरून कोणी कोणी अभ्यास केला, ते विचारलंस. नऊ जण. आठांना फोन केलेस. नववा मांसाच्या कारखान्यात पाळीवर, तर फाटकाशी जाऊन उभी राहिलीस.

यादिरा : त्याने काय शिव्या घातल्या!

हाउगेन : त्याही लिहू?

यादिरा : शिव्या गाळा, बाकी सगळं लिहा. सर, वॉर्डात चुकीची गोळी दिली गेली, तर लगेच येऊन सांगणारी बाई हवी असते त्यांना. म्हणून तर विचारलंय.

हाउगेन : म्हणजे हे तुझ्या बाजूचं आहे?

यादिरा : एवढी पुस्तकं वाचलीत तुम्ही!

हाउगेन : लिहून तयार आहे खरं तर. सात पानं.

यादिरा : एक पान, सर.

हाउगेन : तळटीपा?

यादिरा : सर!

[तासाभराने, रस्त्याकडेच्या टपालपेटीपाशी.]

यादिरा : पेटीचा लाल झेंडा वर करा, नाहीतर पत्र न्यायचंय हे टपालगाडीला कळायचं नाही, थांबायची नाही ती.

हाउगेन : केला. आली बघ. दुसऱ्या परिच्छेदातला एक शब्द मात्र...

यादिरा : पाकीट सोडा, सर. टपालवाल्या बाई गाडीतून हात पुढे करून थांबल्यात.

हाउगेन : सोडलं. गेलं.

यादिरा : बघा, काही दुखलं?

हाउगेन : शेवटची ओळ तुला वाचून दाखवली नाही मी. कधी मलाच त्या वॉर्डात यावं लागलं, तर खाटेशी हीच असावी, एवढंच लिहिलंय.